काशा, तो वाद तू हरला नव्हतास

काशा, चौक नाक्यावरच्या मेकॅनिकनं मला स्पष्ट सांगितलं होतं, की ती छोटी गाडी चार माणसं घेऊन खंडाळ्याचा घाट हसत चढते. मी तुझ्याकडे येऊन उलटं सांगितलं. म्हटलं, ‘मेकॅनिक म्हणतो, घाटात दम टाकते.’ हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. माझ्या बायकोला, मालतीला नाही, तुला तर नाहीच. तू ऐकायला नाहीस तेव्हा सांगतोय, यातला भित्रेपणा मला कळतो.

पण आता गप्प राहायची सोयही उरलेली नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडळी जेवून उठली, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, तेव्हा तुझी करुणा माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले, पण आवाज तुझ्यासारखाच खणखणीत.

‘काका, मी गाडी घेतेय. आमच्याच बँकेनं कर्ज मंजूर केलंय.’

‘कुठली?’

‘तेच विचारायचंय. आजीला डोळे दाखवायला पनवेलला न्यायचं असतं, सिलिंडर आणायचा असतो, भर पावसात खोपोलीची शाखा गाठायची असते. आणि खरं सांगू का, चालवायला मजापण आली पाहिजे. माझं मन त्या छोट्या, चार दारांच्या गाडीवर आहे. पण बाबा हॉस्पिटलात म्हणाले, बबनकाकाला विचार. त्याचंच बरोबर निघालं. मोठी घे.’

मी म्हटलं, ‘विचार करून सांगतो.’

‘अहो, तुम्ही आणि विचार? बाबा म्हणायचे, बबन्या मोठ्या गाडीसाठी वकिलासारखा भांडला!’

ती हसली. मी उठून पाणी प्यायला गेलो.

आपण भांडलो तेही कसे, काशा! मोहोपाड्याच्या कारखान्यात एकाच प्लँटवर आपण वीस-बावीस वर्षं काढली, लोधिवलीहून सायकली हाणत जायचो, आणि वाद घालायला आपल्याला कधी विषय कमी पडला नाही. कँटीनची उसळ, युनियनची निवडणूक, इर्शाळचा सुळका कुठल्या बाजूनं चढायला सोपा. तू हात नाचवायचास, मी मान हलवायचो. लोक म्हणायचे, बोलतो एक काशिनाथच, बबन नुसता नाही म्हणतो.

गाडीचं खूळ तुझंच. ती नवी छोटी गाडी तेव्हा नुकती रस्त्यावर दिसायला लागली होती. तिचं नाव घ्यायची गरज नव्हती. नवी गाडी म्हटलं की तीच. हायवेवर एखादी सुळकन गेली की तू सायकल थांबवून बघत राहायचास. एक दिवस पंपाच्या आवाजात माझ्या कानाशी ओरडलास, ‘बबन्या, आपण दोघांत एक घेऊ! सावडीनं!’

सावड म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. ज्याच्या दावणीला एकच बैल, त्यानं दुसऱ्या एकबैल्याशी जमवायचं. दोघांची मिळून जोडी. आज तुझं शेत, उद्या माझं. तुझ्या बापाकडे एक बैल होता, माझ्या बापाकडे एक होता. शेतं बांधाला बांध लागून. तरी त्या दोघांची सावड कधी झाली नाही. माझा बाप दोन मैल चालत आपल्या भावकीतला बैलवाला गाठायचा, तुझा बाप तुमच्या वाडीतला. छप्पन सालानंतर तुझ्या घरातले जुने देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, तू शाळेत माझ्याच बाकावर बसायला लागलास. बैल मात्र आपापल्या वाटेनं जात राहिले. पुढे दोन्ही बैल गेले आणि आपले बापही गेले.

‘त्यांनी बैलांची केली नाय,’ तू म्हणालास, ‘आपण गाडीची करू. एक आठवडा तुझ्या दारात, एक आठवडा माझ्या. अडीअडचणीला ज्याला लागंल त्याची.’

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, काशा. एवढं तरी मानून घे.

मग तुझा अभ्यास सुरू झाला. ‘कामाला बैल आणि पळायला घोडी, दोन्ही एकाच दावणीला,’ हे तुझं पालुपद. मागचं दार वर उचललं जातं, मागची सीट पाडली की भाताची पोती बसतात. इंजीन एवढंसं, पण गाडीच हलकी, म्हणून पळते. आणि दारं चार. या चार दारांवर तुझा फार जीव. ‘आपल्या दोन म्हाताऱ्या हायत ना. आपापल्या बाजूच्या दारानं बसतील, आपापल्या दारानं उतरतील. कुणाला लुगडं सावरत सरकाय नको.’ आपण दोघांनी तुझ्या नावावर गाडी नोंदवली आणि नंबर लागायची वाट बघत बसलो.

कॉलनीतल्या डॉक्टरांना आपल्या आधी ती गाडी मिळाली. कारखान्याची ॲम्ब्युलन्स तू काही महिने चालवलेली, डॉक्टरांचा तुझ्यावर विश्वास. एका रविवारी तू त्यांची किल्ली मिळवलीस आणि थेट माझ्या अंगणात येऊन हॉर्न वाजवलास. मागे तुझी आई बसलेली, नवं हिरवं लुगडं नेसून.

‘काकू, चला!’ तू माझ्या आईला हाक मारलीस. ‘म्हाताऱ्यांना गाडी झेपते का बघायचंय.’

‘मेल्या, म्हातारी तुझी आय!’ आई म्हणाली, पण आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तू उतरून तिच्या बाजूचं दार उघडलंस. ती बसली. मी पुढे बसलो.

खालापूर गेलं, खोपोली गेलं. घाटाची पहिली वळणं लागली आणि तू पोरासारखा झालास. गिअर टाकताना तोंडानं आवाज काढत होतास. एका ट्रकच्या मागून गाडी काढलीस आणि पुढच्या वळणाला अशी फिरवलीस, की मागे तुझी आई सरळ माझ्या आईच्या मांडीवर कलंडली.

‘अगं बया! वैनी, धरा मला!’

‘धरते गं, धरते. पन ह्याला कोन धरनार?’ माझ्या आईनं तुझ्या डोक्यात टपली मारली. दोघी एवढ्या हसल्या, की तुला गाडी बाजूला घ्यावी लागली. आईनं तुझ्या आईचा हात धरलेला होता. मी मागे वळून बघितला होता तो हात. ते हसू खरं होतं, काशा. पुढचं सांगितल्यावर तुला ते खोटं वाटेल, म्हणून आधीच सांगतो.

तू आम्हाला घरी सोडून गेलास. मालती पोरांना घेऊन माहेरी गेलेली, घरात मी आणि आई. मी पंखा लावून बसलो. आई आत न येता घराला वळसा घालून परसात गेली. मला वाटलं, हातपाय धुतेय. पाण्याचा आवाज थांबेना म्हणून मी मागच्या दारात गेलो. आई डोक्यावरून पाणी घेत होती. सकाळची आंघोळ झालेली असताना, ऐन दुपारी. ठेवणीतलं लुगडं बादलीत भिजत होतं.

तिनं मला पाहिलं. म्हणाली, ‘धूळ बसली डोक्यात.’

ज्या बाईनं तुझ्या आईबरोबर एका ओळीत वाकून आयुष्यभर भाताच्या आवण्या केल्या, वाल-भोपळ्याचं बी बांधावरून दिलं-घेतलं, तुला ताप आला तेव्हा काढ्याची पानं पाठवली, तीच ही. चिखलात एका रांगेत उभं राहिलेलं चालत होतं. गादीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेलं तिच्या अंगाला लागलं.

संध्याकाळी भाकरी थापता थापता बोलली, ‘गाडी घे. पन मोठी घे. त्यात फार खेटून बसाय लागतं.’

बस, एवढंच. आवाज चढला नाही, शब्द वावगा नाही. मी ‘बरं’ म्हटलं.

आई आता नाही, तेव्हा सगळं तिच्या माथी मारणं सोपं आहे. ते मी करणार नाही. मी तिला विचारू शकत होतो, ‘आई, ही आंघोळ कशाची?’ मी चाळिशी ओलांडलेला, पोराबाळांचा बाप. तिनं फार तर चार दिवस अबोला धरला असता. नाही विचारलं. त्याचं खरं कारण असं, की ‘मोठी घे’ म्हटल्यावर मला हायसं वाटलं. एक आठवडा गाडी तुमच्या वाडीत उभी राहणार. ‘बबन, तुजी गाडी कुठं रं?’ म्हणून भावकी विचारणार. हसणार. हे सगळं त्या फेरीच्या आधीपासूनच माझ्या मनात घोळत होतं. तुझ्या घरी मी जेवायचो, सुमनवहिनींच्या हातची सुकटीची चटणी मागून घ्यायचो आणि स्वतःला फार मोठा समजायचो. घरात बसून जेवणं सोपं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं. गाडी सगळ्यांना दिसली असती.

दुसऱ्या दिवसापासून मी वकील झालो. रस्ते खराब, गाडी बुटकी, खालून घासेल. चाकं लहान. पत्रा पातळ. मोठी गाडी जुनी मिळेल, पण दणकट. पुढं-मागं सलग लांब सीट, चार काय सहा माणसं ऐसपैस. तू एकेक खोडून काढायचास. ‘अरं, घासायला तू काय नांगर जुंपनार हायस का तिला?’ मग मी मेकॅनिकचं नाव पुढे केलं, घाटाचं खोटं सांगितलं. घाट तर तू स्वतः चढला होतास, मागे दोन म्हाताऱ्या घेऊन! ती गाडी दमली नव्हती, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. माझ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, ‘बरं बाबा. तू म्हणतोस तर तसं.’

तू वाद सोडलास. उसळीत मीठ कमी की जास्त यावर तास घालवणारा तू, तो वाद अर्ध्यावर टाकून हात धुवायला गेलास. तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता वाटतं, तुला कळलं होतं का? तुझ्या आईनं काही पाहिलं होतं का? आमचं परस तुमच्या वाडीच्या वाटेवरून दिसतं. वाळत घातलेलं ठेवणीतलं लुगडं दिसलं असेल. की तुला काहीच कळलं नाही आणि तू फक्त मित्राचा हट्ट पुरवलास? यातलं कुठलंही खरं निघालं तरी माझी मान खालीच.

नंबर लागला तेव्हा मी अंग काढून घेतलं. एकट्याला तुला ते झेपणार नव्हतं. तू नोंदणी सोडून दिलीस. पुढच्या वर्षी कारखान्यातल्या एका निवृत्त साहेबांची जुनी मोठी गाडी मी एकट्यानंच घेतली. सावडीचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. तू पेढे घेऊन आलास, गाडीभोवती एक फेरी मारलीस, बॉनेटवर थाप मारून म्हणालास, ‘म्हैस चांगली हाय. दूध किती देती?’ सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर तू एक जुनी फटफटी घेतलीस आणि तीच शेवटपर्यंत चालवलीस. पावसात भिजून कामावर आलास की मी म्हणायचो, ‘उद्यापासून माझ्याबरोबर चल.’ कधी यायचास, कधी नाही. आलास की पुढे बसायचास, खिडकीतून हात बाहेर काढून, आणि छोट्या गाड्या पुढे निघून गेल्या की एक शब्द बोलायचा नाहीस. पूर्वीसारखा टोमणा मारला असतास तर बरं झालं असतं. आपण बोलायचो, खूप बोलायचो, पण गाडी हा शब्द आपल्यातून उठला. शाळेपासूनच्या दोस्तीत एक खोली बंद झाली. आणि माझ्यासारख्या मुळात कमी बोलणाऱ्या माणसाला तेवढी पुरते. हळूहळू बाकीच्या खोल्यांतही पावलं वाजेनाशी होतात. तू गेल्यावर मी एकटा पडलो, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर मी त्या रविवारपासून एकटा आहे. तू फक्त आता गेलास.

गेल्या महिन्यात करुणा धावत आली. ‘काका, गाडी काढा, बाबांच्या छातीत कळ येतेय.’ तुला मागच्या सीटवर आडवं घातलं. डोकं सुमनवहिनींच्या मांडीवर, पाय सरळ दारापर्यंत. त्या गाडीत तू मागे असा पहिल्यांदाच. पनवेलपर्यंत मी आरशात बघत होतो. घामानं तुझा शर्ट भिजलेला. लोधिवलीचा फाटा मागे पडला आणि तू बोललास.

‘बबन्या.’

‘बोलू नकोस रं.’

‘तुजं बरोबर व्हतं. सीट लांब हाय. त्या छोटीत पाय दुमडून घालावं लागलं असतं मला.’

वहिनी रडता रडता म्हणाल्या, ‘आता तरी गाडीचं सोडा हो!’

‘नाय गं, खरं ते खरं. जिंकला तो.’

काशा, त्या क्षणी मी गाडी थांबवून सांगायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा गाडी पळवणंच खरं होतं. पण नंतर? हॉस्पिटलात तू चांगला चार-पाच दिवस बोलत होतास. भेटायच्या वेळी मी एकटा तुझ्या उशाशी बसलो, दोनदा बसलो. तू सरळ माझ्याकडे बघून पुन्हा म्हणालास, ‘त्या लांब सीटनं वाचलो बघ.’ आणि मी मोसंबं सोलत राहिलो. म्हटलं, बरा होऊन घरी येऊ दे, मग सांगू. तुला क्रिकेटचा स्कोअर सांगितला. तू मला जिंकवून गेलास आणि मी ते घेतलं. खोटं बोललो तेव्हा निदान घाबरलेला होतो. या वेळी तर कुणाची भीतीही नव्हती.

तुझ्यामुळे मला काय मिळालं, तेही इथे लिहायला हवं. लहानपणी पोहायला घाबरणाऱ्या मला तू पाताळगंगेत उडी मारायला लावलंस आणि स्वतः आधी उडी मारून खाली उभा राहिलास. पहिल्याच रात्रपाळीला गॅस हुंगून मी पडलो, तेव्हा खांद्यावर घालून तूच बाहेर काढलंस आणि वर सगळ्यांना सांगितलंस, ‘झोप लागली व्हती ह्याला.’ माझी अब्रू तू अशी नेहमी हसण्यावारी नेऊन झाकलीस. तुझी अब्रू जपायची माझी एकदाच पाळी आली.

त्या दिवशी सतरंज्या गोळा होत असताना तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. दिसत नाही तिला फारसं आता. माझा आवाज ऐकून म्हणाली, ‘बबन, तुज्या आयेच्या मांडीवर पडले व्हते रं मी त्या वळनावर! किती हसलो आमी. माझा हात काय सोडला नाय तिनं.’ आल्यागेल्याला ती हे सांगते. पोरगा गेल्याच्या दुःखातही तिला ती फेरी आठवते, कारण गाडी तू चालवत होतास.

रविवारी करुणा येणार आहे उत्तर मागायला. ‘छोटी घे’ एवढं मी म्हणू शकतो. बाजारात फिरायला, पोती-सिलिंडर आणायला, आजीला तिच्या बाजूच्या दारानं अलगद उतरवायला, घाटात मन मोकळं करून पळवायला तीच बरी. तू हे सगळं तेव्हाच सांगून ठेवलंस. पण करुणा तुझी मुलगी आहे. ती विचारणारच, ‘मग बाबांना उलटं का सांगितलंत?’ तेव्हा मी म्हणू शकतो, तेव्हाचे रस्ते वेगळे होते. ती मानेल. गाडी घेईल, पेढे आणेल, आणि बबनकाका किती मोकळ्या मनाचे, आपली चूक कबूल करतात, असं चार ठिकाणी सांगेल. ते मला सहन होणार नाही.

म्हणून कारणही सांगणार आहे. परसातल्या पाण्यासकट आणि मला हायसं वाटलं त्यासकट. तुझ्या आईला यातलं काय कळू द्यायचं, ते करुणा आणि वहिनींनी ठरवावं. तो हक्क माझा नाही. त्यानंतर तुझ्या घरचं दार मला उघडं राहील की नाही, तेही त्यांनीच ठरवावं.

तुला मी खरं कारण देणं लागत होतो, आणि तू असेपर्यंत दिलं नाही. आता ते करुणाला देणं लागतो, तुझ्या घरात तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं. कागदावर लिहून ते फिटलेलं नाही.